समाजकार्यकर्त्यांचे व्यावसायिक नोंदणी शुल्क

समाजकार्यकर्त्यांचे व्यावसायिक नोंदणी शुल्क म्हणजे समाजकार्याचा व्यवसाय करण्यासाठी, किंवा 'समाजकार्यकर्ता' हे पदनाम कायदेशीररीत्या वापरण्यासाठी, संबंधित नियामक संस्थेच्या नोंदवहीत नाव दाखल करताना आणि ते तेथे कायम ठेवताना भरावी लागणारी रक्कम होय. ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड, कॅनडातील प्रांत, अमेरिकेची संघराज्ये इत्यादी ठिकाणी हा व्यवसाय कायद्याने नियंत्रित आहे व तेथे असे शुल्क आकारले जाते. बहुतेक ठिकाणी ते दरवर्षी किंवा दर दोन वर्षांनी भरावे लागते. ते मुदतीत न भरल्यास नाव नोंदवहीतून कमी होते आणि त्या दिवसापासून संबंधित व्यक्तीचा व्यवसाय करण्याचा हक्क संपतो. भारतात सर्व समाजकार्यकर्त्यांसाठी वैधानिक परिषद नसल्यामुळे असे सर्वसाधारण शुल्कही नाही.

शुल्काची रक्कम इतर अनेक व्यवसायांच्या तुलनेने लहान असली, तरी समाजाच्या संरक्षणासाठी उभारलेल्या यंत्रणेचा खर्च कोणी सोसायचा, व्यावसायिकाने, त्याला नोकरीवर ठेवणाऱ्या संस्थेने की शासनाने, हा मूलभूत प्रश्न तिच्याशी निगडित आहे. इंग्लंडमध्ये २००३ पासून या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे देण्यात आली. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासात इंग्लंडचे उदाहरण विशेष उपयोगी ठरते.

संज्ञा आणि व्याप्ती

मराठीत 'समाजसेवक', 'सामाजिक कार्यकर्ता' आणि 'समाजकार्यकर्ता' हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. मात्र नोंदणीच्या संदर्भात त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. समाजसेवा कोणीही स्वेच्छेने करू शकतो. तिला परवाना लागत नाही आणि लागूही नये. व्यावसायिक समाजकार्यकर्ता मात्र समाजकार्य या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण व क्षेत्रकार्याचे प्रशिक्षण घेतलेला असतो. बालसंरक्षण, दत्तकविधान, मनोरुग्णांची काळजी, वृद्धांची देखभाल, रुग्णालयीन समाजकार्य अशा क्षेत्रांत तो वेतन घेऊन काम करतो. मूल आईवडिलांजवळ ठेवावे की नाही, मनोरुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध रुग्णालयात दाखल करावे की नाही, अशा निर्णयांत काही देशांमध्ये त्याचे मत कायदेशीर महत्त्वाचे असते. असा अधिकार वापरणाऱ्या व्यक्तीची पात्रता व वर्तन तपासण्याची सोय असावी, या विचारातून नोंदणीची पद्धत निर्माण झाली.

नोंदणी शुल्क आणि व्यावसायिक संघटनेची वर्गणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नियामक संस्था जनतेच्या हितासाठी काम करते, तर संघटना आपल्या सभासदांच्या हितासाठी. ब्रिटनमध्ये १९७० मध्ये स्थापन झालेली 'ब्रिटिश असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्स' ही संघटना आहे. तिचे सभासदत्व ऐच्छिक असून ती नोंदणी करत नाही. नोंदणीकृत समाजकार्यकर्त्याने संघटनेचे सभासद व्हावेच असे नाही. उलट सभासदत्व घेतल्यामुळे नोंदणी शुल्कातून सूटही मिळत नाही.

शुल्काचे प्रकार

नियामक संस्था आकारत असलेली शुल्के सामान्यतः पुढील प्रकारची असतात.

अर्ज किंवा छाननी शुल्क: प्रथम अर्ज करताना पदवी, ओळख, चारित्र्य व आरोग्यविषयक कागदपत्रांच्या तपासणीसाठी घेतली जाणारी रक्कम. परदेशात शिकलेल्या अर्जदारांसाठी ती बरीच अधिक असते, कारण त्यांच्या अभ्यासक्रमाची तुलना स्थानिक अभ्यासक्रमाशी करावी लागते. अर्ज नामंजूर झाला तरी ही रक्कम सहसा परत मिळत नाही.

परीक्षा शुल्क: अमेरिकेसारख्या देशांत परवान्यापूर्वी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तिचे शुल्क परवान्याच्या शुल्काहून वेगळे असते.

वार्षिक किंवा नूतनीकरण शुल्क: नोंदवहीत नाव कायम ठेवण्यासाठी ठरावीक कालावधीने भरावयाची रक्कम. 'नोंदणी शुल्क' असे म्हटले की बहुधा हेच अभिप्रेत असते.

पुनर्नोंदणी शुल्क: नाव कमी झाल्यानंतर ते पुन्हा दाखल करून घेण्यासाठी भरावयाची रक्कम. ती नेहमीच्या नूतनीकरणापेक्षा अधिक असते.

जपानमध्ये यापेक्षा निराळी पद्धत आहे. तेथे १९८७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीची नोंदणी एकदाच होते. त्या वेळी नोंदणी कर व हाताळणी शुल्क भरले की प्रतिवर्षी नूतनीकरण करावे लागत नाही. नोंदणीला केवळ पात्रतेचा दाखला मानले, तर एकदाच घेतलेले शुल्क पुरेसे ठरते. मात्र व्यावसायिकाच्या वर्तनावर सातत्याने देखरेख ठेवायची असेल, तर त्या देखरेखीचा खर्चही सतत होत राहतो.

शुल्काचा विनियोग

नियामक संस्थेच्या कामात प्रामुख्याने चार बाबी येतात: नोंदवही ठेवणे व ती जनतेला पाहण्यासाठी खुली करणे, व्यवसायाचे निकष ठरवणे, विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणे आणि व्यावसायिकांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणे. यांपैकी चौथी बाब सर्वांत खर्चिक असते. तक्रार आल्यावर पुरावे गोळा करणे, साक्षीदारांचे जबाब घेणे, वकिलांचा सल्ला घेणे आणि गंभीर प्रकरणांत स्वतंत्र मंडळापुढे सुनावणी घेणे, हे टप्पे अनेक महिने, प्रसंगी काही वर्षे चालतात.

यातून शुल्काविषयीचा एक अंतर्विरोध दिसून येतो. एकूण नोंदणीधारकांपैकी अगदी थोड्यांविरुद्ध चौकशी होते. परंतु तिचा खर्च सर्वांकडून वसूल केला जातो. समर्थकांच्या मते हे योग्यच आहे, कारण नोंदवहीची विश्वासार्हता टिकल्याचा लाभही सर्वांनाच होतो. दुसरीकडे, निधी अपुरा पडला तर प्रथम सुनावण्या लांबतात. विलंब झाला की तक्रार करणारे कुटुंब न्यायाच्या प्रतीक्षेत राहते आणि ज्याच्यावर आरोप आहे तो समाजकार्यकर्ताही, तो निर्दोष असला तरी, तितकाच काळ संशयाच्या छायेत राहतो. म्हणून कमी शुल्क सर्वांच्या हिताचे असतेच असे नाही.

इंग्लंड

जनरल सोशल केअर कौन्सिल (२००१ ते २०१२)

'केअर स्टँडर्ड्स ॲक्ट २०००' या कायद्यान्वये इंग्लंडसाठी जनरल सोशल केअर कौन्सिल ही संस्था २००१ मध्ये अस्तित्वात आली. तिने २००३ मध्ये समाजकार्यकर्त्यांची नोंदवही खुली केली. १ एप्रिल २००५ पासून 'सोशल वर्कर' हे पदनाम कायद्याने संरक्षित झाले. त्यानंतर नोंदणी नसताना, लोकांची दिशाभूल करण्याच्या हेतूने हे पदनाम लावणे हा गुन्हा ठरला. या काळात वार्षिक शुल्क ३० पौंड होते. प्रत्यक्ष खर्च याहून कितीतरी अधिक होता व तो मुख्यतः शासकीय अनुदानातून भागवला जात असे. समाजाच्या संरक्षणाचा खर्च प्राधान्याने शासनाने उचलावा, हे पहिले उत्तर होते.

हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल (२०१२ ते २०१९)

२०१० मध्ये नव्या आघाडी सरकारने शासकीय अनुदानावर चालणाऱ्या संस्थांचा आढावा घेतला. त्यात जनरल सोशल केअर कौन्सिल बंद करून तिचे काम हेल्थ प्रोफेशन्स कौन्सिलकडे सोपवण्याचे ठरले. ही दुसरी संस्था भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ अशा अनेक व्यवसायांचे नियमन करत होती आणि पूर्णपणे नोंदणीधारकांच्या शुल्कावर चालत होती. एकट्या समाजकार्यासाठी स्वावलंबी संस्था चालवायची तर शुल्क फार वाढवावे लागले असते. अनेक व्यवसायांचा खर्च एकत्र वाटला गेल्यास ते आटोक्यात राहील, असा हस्तांतरामागचा युक्तिवाद होता.

हे हस्तांतर १ ऑगस्ट २०१२ रोजी झाले आणि संस्थेच्या नावात 'केअर' या शब्दाची भर पडली. समाजकार्यकर्त्यांचे शुल्क ३० पौंडांवरून ७६ पौंडांवर गेले. पुढे २०१४ मध्ये ते ८० पौंड आणि २०१५ मध्ये ९० पौंड झाले. २०१५ च्या वाढीचे एक कारण असे होते की, नियामक संस्थांवर देखरेख करणाऱ्या 'प्रोफेशनल स्टँडर्ड्स ऑथॉरिटी' या संस्थेचा खर्चही आता नियामक संस्थांकडून आकारणीद्वारे वसूल होऊ लागला होता. अशा प्रकारे देखरेख करणाऱ्या संस्थेवरील देखरेखीचा भारही अखेर नोंदणीधारकावरच आला. नुकत्याच पदवीधर झालेल्यांना या काळात पहिल्या दोन वर्षांसाठी शुल्कात निम्मी सवलत होती. सर्व खर्च व्यावसायिकाने सोसावा, हे दुसरे उत्तर होते.

सोशल वर्क इंग्लंड (२०१९ पासून)

समाजकार्य हा आरोग्यव्यवसायांहून वेगळ्या स्वरूपाचा व्यवसाय असून त्यासाठी स्वतंत्र नियामक असावा, ही भूमिका पुढे शासनाने स्वीकारली. 'चिल्ड्रेन अँड सोशल वर्क ॲक्ट २०१७' या कायद्याने 'सोशल वर्क इंग्लंड' या संस्थेची तरतूद केली. शेफील्ड येथे मुख्यालय असलेल्या या संस्थेने २ डिसेंबर २०१९ रोजी कामकाज हाती घेतले. तिच्या नोंदवहीत सुमारे एक लाख समाजकार्यकर्ते आहेत.

नव्या संस्थेने प्रारंभी वार्षिक शुल्क ९० पौंडच ठेवले. त्या दराने सुमारे एक लाख नोंदणीधारकांकडून वर्षाला साधारण ९० लाख पौंड जमा होत. परंतु तेवढ्यात संस्थेचा संपूर्ण खर्च भागत नसे. उरलेला भार शिक्षण खात्याच्या अनुदानातून उचलला जातो. खर्च व्यावसायिक आणि शासन यांनी वाटून घ्यावा, हे तिसरे उत्तर होय. २०२५ मध्ये संस्थेने शुल्क १२० पौंड करण्याचा प्रस्ताव जाहीर विचारविनिमयासाठी मांडला. २०१५ नंतर शुल्क बदललेले नसल्याने महागाईच्या मानाने त्याचे मूल्य घटले असून चौकशांवरील खर्च मात्र वाढला आहे, अशी प्रस्तावामागील भूमिका होती. एकाच वेळी एक तृतीयांश वाढ सुचवल्यामुळे तिला संघटनांनी विरोध दर्शविला.

इंग्लंडमधील वार्षिक शुल्काचा क्रम पुढीलप्रमाणे सांगता येईल.

२००३ ते २०१२: ३० पौंड (जनरल सोशल केअर कौन्सिल)
२०१२: ७६ पौंड (हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल)
२०१४: ८० पौंड (तीच संस्था)
२०१५: ९० पौंड (तीच संस्था)
२०१९: ९० पौंड (सोशल वर्क इंग्लंड)
२०२५: १२० पौंडांचा प्रस्ताव (सोशल वर्क इंग्लंड)

तुलनेसाठी, ब्रिटनमधील परिचारिका व सुईणींचे वार्षिक शुल्क २०१५ मध्ये १२० पौंड करण्यात आले होते. डॉक्टरांना त्यांच्या परिषदेकडे वर्षाला चारशे पौंडांहून अधिक रक्कम भरावी लागते.

नूतनीकरणाची पद्धत

इंग्लंडमध्ये नोंदणीवर्ष १ डिसेंबरला सुरू होऊन ३० नोव्हेंबरला संपते. नूतनीकरणाचा कालावधी १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर असा तीन महिन्यांचा असतो. या काळात नोंदणीधारकाला तीन गोष्टी पूर्ण कराव्या लागतात: नूतनीकरणाचा अर्ज, शुल्काचा भरणा आणि सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाच्या नोंदी. वर्षभरात काय शिकलो, त्याचा कामावर काय परिणाम झाला, याचे किमान दोन लेखी टिपण सादर करावे लागतात आणि त्यांपैकी एकात सहकाऱ्याबरोबर केलेल्या चर्चेचा समावेश असावा लागतो. शुल्क भरले पण टिपणे राहिली, किंवा टिपणे दिली पण शुल्क राहिले, तर नूतनीकरण पूर्ण होत नाही.

मुदत उलटल्यावर नाव नोंदवहीतून काढले जाते. ही शिस्तभंगाची शिक्षा नसते. परंतु तिचे परिणाम तितकेच गंभीर असू शकतात. अशा व्यक्तीला समाजकार्यकर्ता म्हणून काम करता येत नाही आणि संस्थेला तिला त्या पदावर ठेवता येत नाही. तिच्याकडे सोपवलेली मुले व कुटुंबे अचानक दुसऱ्याकडे द्यावी लागतात. पुन्हा नाव दाखल करण्यासाठी वेगळा अर्ज व अधिक शुल्क लागते. त्यामुळे अनेक संस्था शरद ऋतूत आपल्या कर्मचाऱ्यांना वारंवार स्मरणपत्रे पाठवतात.

करसवलत आणि संस्थेकडून भरणा

कामासाठी अनिवार्य असलेल्या नोंदणी शुल्कावर ब्रिटनमध्ये आयकरातून सवलत मिळते. ही सवलत आपोआप मिळत नसून ती मागावी लागते. मूळ दराने, म्हणजे २० टक्क्यांनी, कर भरणाऱ्या व्यक्तीला ९० पौंडांच्या शुल्कावर १८ पौंड वाचतात. काही स्थानिक प्राधिकरणे व खासगी संस्था आपल्या समाजकार्यकर्त्यांचे शुल्क स्वतः भरतात. नोकरीत माणसे टिकवून ठेवण्याचा एक उपाय म्हणूनही ही सोय दिली जाते. शुल्क संस्थेने भरले तरी नोंदणी चालू ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मात्र समाजकार्यकर्त्याचीच असते.

परदेशी पदवीधर

इंग्लंडमध्ये समाजकार्यकर्त्यांचा तुटवडा असल्यामुळे भारतासह अनेक देशांतून भरती होते. भारतीय विद्यापीठाची समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे 'एम.एस.डब्ल्यू.', घेतलेल्या उमेदवारालाही नोंदणीसाठी स्वतंत्र छाननीतून जावे लागते. सोशल वर्क इंग्लंडने २०१९ पासून परदेशी पात्रतेच्या छाननीसाठी ४९५ पौंड शुल्क ठेवले. ही रक्कम वार्षिक शुल्काव्यतिरिक्त होती. अभ्यासक्रमाचा तपशील, क्षेत्रकार्याचे दिवस व अनुभवाचे दाखले भारतीय महाविद्यालयाकडून मिळवणे ही या प्रक्रियेतील वेळखाऊ बाब असते. त्यामुळे महाराष्ट्रातून ब्रिटनला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने क्षेत्रकार्याच्या नोंदी शिक्षण चालू असतानाच नीट जपून ठेवणे उपयुक्त ठरते.

साथीच्या काळातील अपवाद

कोविड-१९ च्या साथीत 'कोरोनाव्हायरस ॲक्ट २०२०' नुसार, अलीकडच्या दोन वर्षांत नोंदवही सोडलेल्या समाजकार्यकर्त्यांची नावे तात्पुरती पुन्हा दाखल करण्यात आली. त्यासाठी त्यांच्याकडून शुल्क घेतले गेले नाही. सार्वजनिक निकड मोठी असेल तेव्हा शुल्काची अट बाजूला ठेवता येते, याचे हे उदाहरण आहे.

ब्रिटनमधील इतर घटक देश

स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांच्या नियामक संस्था इंग्लंडहून स्वतंत्र आहेत. त्या केवळ समाजकार्यकर्त्यांचीच नव्हे, तर निवासी संस्था व घरपोच सेवेतील काळजीवाहकांचीही नोंदणी करतात. त्यामुळे तेथे वेतनमानानुसार वेगवेगळी शुल्के ठेवण्याची पद्धत आहे.

डंडी येथील 'स्कॉटिश सोशल सर्व्हिसेस कौन्सिल'ने २०१७ मध्ये समाजकार्यकर्त्यांचे वार्षिक शुल्क ३० पौंडांवरून ८० पौंड केले. त्याच वेळी साहाय्यक कर्मचाऱ्यांचे शुल्क २५ पौंड ठेवण्यात आले. ज्याची मिळकत कमी त्याचा वाटाही कमी, हे तत्त्व यात दिसते. वेल्समध्ये २०१७ पासून 'सोशल केअर वेल्स' ही संस्था हे काम पाहते. नियामक चार असल्यामुळे घटक देश बदलणाऱ्या समाजकार्यकर्त्याला नव्या ठिकाणच्या नोंदवहीत नाव दाखल करून तेथील शुल्क भरावे लागते.

इतर देश

आयर्लंड: २००५ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या 'कोरू' या बहुव्यावसायिक संस्थेने २०११ मध्ये समाजकार्यकर्त्यांची नोंदवही सर्वप्रथम उघडली. सुरुवातीला २९५ युरो असलेले वार्षिक शुल्क पुढे १०० युरोपर्यंत खाली आणण्यात आले. शुल्क कमी झाल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत.

न्यूझीलंड: २००३ च्या कायद्याने नोंदणी सुरू झाली, परंतु ती ऐच्छिक होती. २७ फेब्रुवारी २०२१ पासून ती सक्तीची करण्यात आली. नोंदणी ऐच्छिक असताना शुल्क ही स्वतःहून केलेली गुंतवणूक असते, तर सक्ती आल्यावर ती व्यवसायाची पूर्वअट बनते. त्यामुळे शुल्क योग्य आहे की नाही हा प्रश्न सक्तीनंतर अधिक तीव्र होतो.

ऑस्ट्रेलिया: डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ यांच्यासाठी राष्ट्रीय नोंदणी असली तरी समाजकार्यकर्त्यांचा तीत समावेश नाही. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या 'ऑस्ट्रेलियन असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्स' या संघटनेचे ऐच्छिक सभासदत्व तेथे पात्रतेची खूण मानले जाते. साउथ ऑस्ट्रेलिया या राज्याने मात्र २०२१ मध्ये समाजकार्यकर्त्यांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला.

अमेरिका: समाजकार्याच्या नियमनाचा पहिला कायदा १९३४ मध्ये प्वेर्तो रिको येथे झाला. मुख्य भूमीवर कॅलिफोर्नियाने १९४५ मध्ये नोंदणी सुरू केली. परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते आणि त्याचे शुल्क व मुदत राज्यागणिक बदलते. परीक्षा मात्र 'असोसिएशन ऑफ सोशल वर्क बोर्ड्स' ही संस्था तयार करते. तिच्या पदवी व पदव्युत्तर स्तरांवरील परीक्षांचे शुल्क २३० डॉलर आणि चिकित्सालयीन व प्रगत स्तरांवरील परीक्षांचे २६० डॉलर असे आकारले गेले आहे. अनुत्तीर्ण उमेदवाराला ते पुन्हा भरावे लागते. या संस्थेने २०२२ मध्ये उत्तीर्णांचे वंशनिहाय प्रमाण प्रसिद्ध केले. चिकित्सालयीन परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्या श्वेतवर्णीय उमेदवारांचे प्रमाण सुमारे ८४ टक्के, तर कृष्णवर्णीय उमेदवारांचे सुमारे ४५ टक्के असल्याचे त्यातून दिसले. कागदावर सर्वांना समान असलेले शुल्क प्रत्यक्षात काही समूहांना दोनदा-तीनदा भरावे लागते, हा मुद्दा त्यानंतर ठळकपणे पुढे आला.

भारत

भारतात समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाचा प्रारंभ मुंबईत झाला. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था स्थापन झाली. तीच पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नावाने प्रसिद्धीस आली. मुंबईचे निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, नागपूरची मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था अशा संस्थांमुळे महाराष्ट्रात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांची मोठी परंपरा निर्माण झाली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक' या पदावर असे पदवीधर काम करतात.

असे असूनही 'समाजकार्यकर्ता' या पदनामाला भारतात कायद्याचे संरक्षण नाही. १९९० च्या दशकापासून राष्ट्रीय परिषदेसाठी विधेयकाचे मसुदे तयार झाले; २००५ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल असोसिएशन ऑफ प्रोफेशनल सोशल वर्कर्स इन इंडिया' या संघटनेनेही ही मागणी सातत्याने मांडली आहे. मात्र सर्व समाजकार्यकर्त्यांना लागू होणारा कायदा संसदेने केलेला नाही.

काही विशिष्ट गटांसाठी मात्र नोंदणीच्या तरतुदी आहेत. 'भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२' खाली अपंग पुनर्वसनाच्या क्षेत्रातील समाजकार्यकर्ते येतात. 'मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७' नुसार मनोचिकित्सा समाजकार्यकर्त्यांची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने करावयाची आहे. संलग्न व आरोग्यनिगा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापणाऱ्या २०२१ च्या कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय, मनोचिकित्सा व चिकित्सालयीन समाजकार्यकर्त्यांचा उल्लेख आहे. याचा अर्थ असा की, रुग्णालयातील समाजकार्यकर्ता नोंदणीच्या कक्षेत येऊ शकतो. परंतु बालगृहात, कौटुंबिक न्यायालयाच्या परिसरात किंवा आदिवासी पाड्यावर काम करणारा त्याच पदवीचा त्याचा सहाध्यायी तिच्या बाहेर राहतो.

भविष्यात अशी परिषद झाली तर शुल्क किती असावे, या प्रश्नावर एका वेगळ्या व्यवसायातील निकाल मार्गदर्शक ठरू शकतो. 'अधिवक्ता अधिनियम, १९६१' मध्ये वकिलांच्या सनदेसाठी सर्वसाधारण प्रवर्गाला एकूण ७५० रुपये व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १२५ रुपये असे शुल्क ठरलेले आहे. प्रत्यक्षात अनेक राज्यांच्या बार कौन्सिल विविध शीर्षकांखाली हजारो रुपये घेत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी 'गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात असे जादा शुल्क बेकायदेशीर ठरवले. व्यवसायाच्या दारातच मोठी रक्कम मागितल्यास वंचित घटकांतील तरुण बाहेर राहतात आणि त्यामुळे समानतेच्या तत्त्वाला बाधा येते, असा त्या निकालाचा आशय आहे. समाजकार्याच्या महाविद्यालयांत ग्रामीण व आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील विद्यार्थी मोठ्या संख्येने येतात, हे लक्षात घेता हा मुद्दा येथेही लागू पडतो.

मतमतांतरे

शुल्काच्या समर्थकांचे म्हणणे असे की, व्यवसायाची प्रतिष्ठा व स्वायत्तता जपायची असेल तर त्याच्या नियमनाचा खर्चही व्यवसायाने उचलला पाहिजे. अनुदानावर चालणारी संस्था शासनाच्या धोरणबदलाबरोबर बंद होऊ शकते, हे २०१० च्या निर्णयाने दाखवून दिले.

विरोधकांचा मुख्य मुद्दा व्यवसायाच्या स्वरूपाविषयी आहे. खासगी व्यवसाय करणारा डॉक्टर किंवा वकील आपले शुल्क अंशतः रुग्णाकडून वा अशिलाकडून वसूल करू शकतो. समाजकार्यकर्ता बहुधा शासनाचा किंवा स्वयंसेवी संस्थेचा नोकर असतो आणि त्याच्याकडे येणारी माणसे सेवेचे मोल देण्याच्या स्थितीत नसतात. त्यामुळे शुल्काचा संपूर्ण भार त्याच्या पगारावर पडतो. ज्या संरक्षणाचा लाभ संपूर्ण समाजाला होतो, त्याचा खर्चही सार्वजनिक निधीतून व्हावा, असे या पक्षाचे प्रतिपादन आहे.

तिसरा आक्षेप समान दराविषयी आहे. पूर्णवेळ काम करणारा विभागप्रमुख आणि आठवड्यातून दोन दिवस काम करणारी नवोदित कार्यकर्ती यांना सामान्यतः एकच रक्कम भरावी लागते. या व्यवसायात स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. बालसंगोपनासाठी रजेवर असलेल्या किंवा अर्धवेळ काम करणाऱ्या स्त्रियांना ही समानता जाचक वाटते. नवोदितांना सवलत, अर्धवेळ कामासाठी कमी दर, हप्त्यांची सोय आणि संस्थेकडून भरणा हे त्यावरील उपाय वेगवेगळ्या ठिकाणी सुचवले किंवा अमलात आणले गेले आहेत.

हेही पहा

समाजकार्य
टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस
मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७
अधिवक्ता अधिनियम, १९६१
बालसंरक्षण